सरळ पंखांची माशी

१

“आधी मेलेल्याकडे बघ, पद्मावती. जिवंत माणसं काय, नंतरही बोलतील. आणि बोलतील तेव्हा आपापल्या सोयीचंच बोलतील.”

हणमंतराव सरांना जाऊन एक जमाना झाला होता. तरी प्रयोगशाळेचं दार ढकललं की त्यांचा तो तंबाखूने खरवडलेला आवाज पद्मावतीबाईंच्या कानाशी येऊन उभा राहायचाच. तारनाक्याच्या या संस्थेत निवृत्तीनंतर बाई पहिल्यांदाच पाऊल टाकत होत्या. आत वास मात्र तोच होता, मक्याचं पीठ, गूळ आणि खमीर एकत्र शिजवल्याचा. माश्यांच्या स्वयंपाकाचा वास.

रिकाम्या मांडणीसमोर स्टुलावर योगिनी बसली होती, सुतकात बसावं तशी. पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यातली मुलगी, पण चेहरा बघून वय सांगता आलं नसतं.

“बाई, बरं झालं आलात,” डॉ. मिलिंद पुढे आले. ते या प्रयोगशाळेचे प्रमुख आणि योगिनीचे मार्गदर्शक. त्याआधी ते बाईंचे विद्यार्थी होते, आणि बाईंच्याच खुर्चीवर आज ते बसत होते ते बाईंनीच सुचवल्यामुळे. “चौकशी समिती बसणारच आहे. पण डायरेक्टर म्हणाले, आधी कुणीतरी जाणत्या माणसाने बघावं. मी म्हटलं, आमच्या बाईंना बोलवा. बाईंच्या शब्दावर कुणी बोट ठेवणार नाही.”

झालं होतं ते एवढंच. योगिनीच्या माश्या मेल्या होत्या. सगळ्याच्या सगळ्या. आणि योगिनीने त्या स्वतःच्या हाताने मारल्या होत्या.

केळ्यावर घोंघावते ती तिळाएवढी फळमाशी. योगिनीच्या माश्यांमध्ये एक जनुक बिघडलेलं होतं, आणि तो बिघाड शोधण्यात तिची ऐन उमेदीची वर्षं गेली होती. आईबापांपैकी एकाकडूनच तो बिघाड आला, तर त्या माशीचे स्नायू म्हातारपणीही झिजत नसत. दोघांकडून आला, तर मात्र अंड्यातच मरण. असा बिघाड पिढ्यानपिढ्या जपायचा, तर त्याच्या जोडीला खुणेचं एक गुणसूत्र ठेवतात. त्या खुणेने माशीचे पंख वरच्या अंगाला वळतात, चंद्रकोरीसारखे. म्हणजे त्या नळ्यांमधली प्रत्येक जिवंत माशी वळलेल्या पंखांचीच असायला हवी. सरळ पंखांची माशी दिसली, की समजायचं, घरात बाहेरचं कुणी शिरलं. आणि शिरलं की ती सगळी वंशावळ त्याच दिवशी संपवायची, नाहीतर भेसळ शेजारच्या नळ्यांत पसरते. फळमाशीवाल्यांचं हे सोवळंओवळं फार कडक.

“दसऱ्यानंतर आले, गरम कपाटातल्या नळ्या बघते तर सगळ्यांचे पंख सरळ,” योगिनी म्हणाली. “सरांनी भिंगातून बघितलं. म्हणाले, भेसळ झाली. मग राखीव नळ्या असतात थंड कपाटात, त्या काढल्या. त्यांचेही पंख सरळ.”

“दोन्हीकडे एकदम भेसळ?” मिलिंदनी हात पसरले. “म्हणून तर संशय येतो, कुणीतरी मुद्दाम केलं असावं.”

बाईंनी मान डोलावली. “मेलेल्या माश्या कुठे आहेत?”

योगिनीने स्पिरिटच्या दोन बाटल्या पुढे केल्या. पोर नीटनेटकी. मारतानासुद्धा तिने गरम कपाटातल्या एका बाटलीत आणि थंड कपाटातल्या दुसरीत ओतल्या होत्या. बाईंनी पदर खोचला, चष्मा कपाळावर चढवला आणि ब्रशच्या टोकाने गरम कपाटातल्या माश्या भिंगाखाली पसरल्या. पंख सरळ होते खरे. मग त्यांनी पोटं बघितली. एकीचं, दुसरीचं, दहा-वीस जणींची.

“या बाटलीतल्या गरम कपाटातल्याच ना? नक्की?”

“माझ्या हातानं ओतल्या, बाई.”

बाईंनी झाकण घट्ट लावलं. “मिलिंद, या दोन्ही बाटल्या मी घरी नेते.”

“घरी? मेलेल्या माश्या?”

“नैवेद्याला नाही नेत रे,” त्या हळूच हसल्या.

पण गेटपर्यंत पोचेतो ते हसू कुठल्या कुठे गेलं होतं. भिंगाखाली त्यांनी जे बघितलं होतं ते गरम कपाटात वाढलेल्या माशीचं पोट नव्हतं.

२

काचीगुड्यात योगिनीचं घर स्टेशनच्या इतकं जवळ, की गाडी आली की भिंतीवरच्या देवीच्या तसबिरीची काच हलायची. आई, त्रिवेणीबाई, गुडघ्याला पट्टा बांधून दिवाणावर बसलेल्या. बाईंना चातुर्मासात कांदा-लसूण चालत नाही हे माहीत असल्याने त्यांनी नुसते साखर घातलेले पोहे पुढे ठेवले.

“नवरात्रात आमच्याकडे अखंड दिवा असतो हो,” त्रिवेणीबाई म्हणाल्या. “माझं गुडघ्याचं ऑपरेशन. दिव्यापाशी बसायला दुसरं कोण? म्हणून पोर घरी राहिली. देवीने दिवा विझू दिला नाही, आणि पोरीचं सगळं विझवून टाकलं.”

“आई, देवीला कशाला मध्ये आणतेस?”

“मग कुणाला आणू? त्या गौतमला आणू का? तोच म्हणाला होता ना!”

योगिनीने मान खाली घातली. गौतम तिच्याच प्रयोगशाळेतला, सिकंदराबादच्या रेल्वे क्वार्टरमधला मुलगा. शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं यावरून दोघांचं कँटीनमध्ये कडाक्याचं वाजलं होतं, आणि सगळ्यांदेखत तो ओरडला होता, ‘तेरी मक्खियाँ मर जाएँ!’

“नवरात्रात माश्यांकडे कोण बघत होतं?” बाईंनी विचारलं.

“श्रुतीताई. पुण्याची, आमच्याकडे पोस्टडॉक करते. मी निघाले तेव्हा नळ्यांमध्ये नुसत्या अळ्या होत्या, आईबाप माश्या काढून टाकलेल्या. तिला म्हटलं, लक्ष ठेव.”

“आणि आता तुझं काय?”

योगिनी हसली. ते हसणं बघून बाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. “निबंध तपासणाऱ्यांनी जिवंत माश्यांवरचा एकच प्रयोग आणखी मागितलाय. तो झाला तर निबंध, निबंध झाला तर प्रबंध. शिष्यवृत्ती संपली. सिकंदराबादच्या एका निदान केंद्रात जनुकीय समुपदेशकाची जागा आहे, त्यांनी माझ्यासाठी थांबवून धरलीय. पण पदवीशिवाय नाही. आता माश्याच नाहीत म्हटल्यावर…”

बाईंना आपल्या हाताखालून गेलेल्या पोरांची आठवण झाली. कुणी मेडचलकडे बियाण्यांच्या कंपनीत कापसाची फुलं मोजत होतं, कुणी वंध्यत्वाच्या दवाखान्यात गर्भ तपासत होतं, कुणी हायटेक सिटीत संगणकावर लोकांच्या जनुकांच्या फायली लावत होतं, आणि सगळ्यांत हुशार होती ती शाळेत सातवीला विज्ञान शिकवत होती. दारं बरीच होती. पण प्रत्येक दाराची किल्ली कुणा एकाच्याच खिशात असायची, मार्गदर्शकाच्या.

“एक सांग,” उठता उठता बाई म्हणाल्या. “थंड कपाटातल्या माश्या तू पूर्वी कधी भिंगाखाली बघितल्या होत्यास?”

“नाही. त्या राखीव. अधूनमधून खाऊ बदलायचा, बस. आणि कपाटच यंदा आलं ना, बाई. त्याआधी सगळंच गरमात असायचं.”

बाईंनी डोळे मिटले. ज्या गावात ऐन कार्तिकातही पंखा बंद करवत नाही, त्या गावातल्या पोरीची ही चूक. पण चूक एकट्या तिची होती का?

३

“आधीच सांगतो बाई, मी बोललो होतो. हौ. ‘तेरी मक्खियाँ मर जाएँ’ बोललो. गुस्से में बोला. पण मी काय वेडा आहे का, कँटीनमध्ये अनाउन्समेंट करून गुन्हा करायला?”

गौतमने इराणी चहाचा कप बशीत आपटला. तारनाक्याच्या त्या हॉटेलात दुपारची गर्दी नव्हती. बाईंनी चहाबरोबरचं बिस्किट त्याच्याकडे सरकवलं.

“मग कोणी केला?”

“काय की. माझ्या घरी तर कुणाला कळतच नाही मी करतो काय. काकू विचारते, बबलूचं पोरगं काळं झालं, तुझ्या जेनेटिक्समध्ये गोरं करून मिळतं का?” तो हसला, आणि लगेच गंभीर झाला. “बाई, योगिनीशी माझं भांडण आहे. पण तिच्या माश्यांशी नाही. तसली लाइन, तसली वंशावळ, आयुष्यात एकदा सापडते. ती मारायला कसायाचं काळीज पाहिजे.”

“तुझ्या नळ्यांमध्ये सरळ पंख दिसले असते, तर तू काय केलं असतंस?”

“ओतल्या असत्या स्पिरिटमध्ये. आणखी काय? नियमच आहे.”

“आणि थंड कपाटातल्याही सरळ निघाल्या असत्या तर?”

“मग तर नक्कीच. दोन्हीकडे भेसळ म्हटल्यावर काय उरलं?”

क्षणभरही न अडखळता तो बोलला होता. बाईंनी ते मनात बाजूला ठेवलं. खोटं बोलणारा माणूस अशा प्रश्नाला आधी जरा वळसा घालून बघतो.

“त्या दिवशी तू तिथे होतास?”

“होतो ना. सरांनी भिंगातून बघितलं. फार वेळ बघितलं. सर तर एका नजरेत सांगतात बाई, नुसता काचेला डोळा लावला की ‘ठीक’ नाहीतर ‘फेक’. त्या दिवशी मात्र बघतच राहिले. मला वाटलं, त्यांनाही वाईट वाटतंय.”

बाईंनी पिशवीतून लहान लहान कुप्या काढल्या, नुसते आकडे घातलेल्या. स्पिरिटमध्ये डीएनए टिकून राहतो. “यातल्या काही साध्या माश्या आहेत, काही नाहीत. कुठल्या कुठे ते सांगणार नाही. योगिनीचा बिघाड कुणात आहे ते तपासून दे. आणि कुणाला बोलू नकोस.”

गौतमने कुप्या बघितल्या, मग बाईंकडे. “मेरेच ऊपर शक, आणि तपास मीच करायचा?”

“म्हणूनच तर आकडे घातलेत, राजा.”

दोन दिवसांनी बाई संध्याकाळचा दिवा लावून हात जोडत होत्या, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे गौतम होता.

“बाई, काही कुप्यांतल्या झाडून सगळ्या माश्यांमध्ये बिघाड निघाला… नुसते आकडे होते, पण कुप्या कुठल्या ते मी समजलो. ये तो योगिनी की ही हैं! बाहेरची एकही नाही. भेसळ झालीच नव्हती, बाई. तिने आपल्या चांगल्या माश्या मारल्या!”

४

श्रुतीच्या भाड्याच्या घरात खोकी भरून पडली होती. बंगळुरूच्या एका औषध कंपनीत तिची निवड झाली होती. एका खोक्यावर बाईंना बसवून ती दुसऱ्यावर बसली.

“चहाची भांडीसुद्धा बांधली हो, मॅडम. सॉरी.”

“चहा नको मला. नवरात्रात योगिनीच्या नळ्या तू थंड कपाटात ठेवल्या होत्यास ना?”

श्रुती नाही म्हणाली नाही. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“माश्यांनी. थंडीत वाढलेल्या माशीचं पोट काळवंडतं. गरम कपाटातून निघालेल्या सगळ्यांची पोटं काळी होती.”

“गरम कपाट बिघडलं होतं. आत इतकं तापायला लागलं की अळ्या शिजल्या असत्या. मी वाचवायला म्हणून हलवल्या, मॅडम. खरंच वाचवायला.” ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. “मी जर्मनीत होते. तिथे ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, कोशात असताना गारवा लागला की त्या खुणेचे पंख वळत नाहीत, सरळ राहतात. माशी तीच. पुढची पिढी उबेत वाढवली की पंख पुन्हा वळलेले.”

“हे तू कुणाला सांगितलंस?”

“मी दसऱ्याला पुण्याला जाणार होते. कपाट दुरुस्त झालं की नळ्या परत ठेवायला लागणार होत्या, म्हणून…” ती थांबली.

“कुणाला, श्रुती?”

“सरांना. फोन केला होता. म्हणाले, छान केलंस, योगिनीला मी सांगतो.”

खाली रस्त्यावर भाजीवाला तेलुगूत ओरडत गेला.

“तू परत आलीस तेव्हा मांडणी रिकामी होती. तेव्हा बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, सर विसरले असतील. कामाच्या गडबडीत. विसरतो ना माणूस?” तिने बाईंकडे असं बघितलं की जणू बाईंनी हो म्हटलं तर तिला आज झोप लागेल. बाईंनी हो म्हटलं नाही. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, “माझं शिफारसपत्र अजून गेलेलं नाही, मॅडम. माझं नाव घेऊ नका. मी काही बोललेच नाही असं समजा.”

बाई जिना उतरू लागल्या. गौतमला माहीत नव्हतं, म्हणून त्याने फेकल्या असत्या. श्रुतीला माहीत होतं, आणि तिने लगेच सांगितलं होतं. आता राहिला तिसरा. नळ्या थंडीत होत्या हे त्याला ठाऊक होतं. पण थंडीने पंख सरळ होतात, हे त्याला माहीत असलंच पाहिजे असं कुठे होतं? श्रुतीने फोनवर तेवढंच सांगितलं नसेल. मग तो बिचारा विसरला, चुकला, संपलं.

बाईंना तसं वाटून घ्यायचं होतं. देवाशपथ, फार वाटून घ्यायचं होतं.

पण त्यांना विद्यापीठाची ती जुनी इमारत आठवली. तेव्हा गरम कपाटं नव्हती. पौषातला एक आठवडा गारठ्याचा गेला होता, आणि एक पोरगेला विद्यार्थी माश्यांचा ट्रे छातीशी धरून रडत आला होता, ‘बाई, सगळ्या सरळ झाल्या, माझं वर्ष गेलं!’ तेव्हा त्यांनीच त्याचा हात धरून थांबवला होता. दिव्याच्या उबेला नवी पिढी वाढवून दाखवली होती, आणि पंख वळलेले बघून तो वेड्यासारखा नाचला होता.

त्याचं नाव मिलिंद.

५

“बसा ना, बाई. तपास झाला?”

“झाला.”

मिलिंदनी दार लावून घेतलं. बाईंनी आवाज चढवला नाही. तो त्यांना चढवता यायचाच नाही.

“तू नळ्या थंड कपाटातून काढून गरम कपाटात ठेवल्यास. माश्या बाहेर आल्या त्या सरळ पंखांच्या. योगिनी घाबरली, तुझ्याकडे धावत आली. तू भिंगातून बघितलंस, आणि तुला सगळं कळलं. म्हणून इतका वेळ लागला. तुला ठरवायचं होतं. मग तिचा संशय पक्का व्हावा म्हणून थंड कपाटातल्या काढायला लावल्यास. तिथे तर त्या सरळ असणारच, मिलिंद. तिथे त्या वळलेल्या निघाल्या असत्या तर नवल.”

“मी विसरलो असेन, बाई.”

“पौषात रडला होतास ते?”

टेबलावरचा पेपरवेट मिलिंदनी एकदा फिरवला. मग विद्यार्थीपणाचा मुखवटा त्यांनी असा काढून ठेवला, की बाईंना एखाद्या परक्याच्या खोलीत शिरल्यासारखं झालं.

“मी हात लावला नाही. तिनेच ओतल्या.”

“हो. तू नुसता बघत उभा राहिलास. ओतायच्या आधी एक संच मात्र तू बाजूला काढलास. शर्टाच्या खिशात घालून नळ्या न्यायची तुझी सवय मला माहीत आहे.”

“हे तुम्ही अंदाजाने बोलताय.”

“तशी लाइन आपण कायमची मारू असं काळीज तुझं नाही. तू मारणारा नाहीस, ठेवून घेणारा आहेस. कशासाठी ते सांग.”

ते उठून खिडकीपाशी गेले. “आपल्या फळमाशीवाल्यांची ती रीत आहे ना, बाई. निबंध छापला, की जगात कुणीही माशी मागितली तर नळी पाठवायची. नाही म्हणायचं नाही. तुम्ही जन्मभर पाठवल्यात. जपानला, ब्राझीलला, कुठल्या कुठे. काय मिळालं? पेन्शन आणि निरोपाला एक शाल. त्यांनी औषधं काढली, पेटंट घेतली. एका कंपनीला ही माशी हवी आहे, पण त्यांच्याशिवाय ती कुणाकडे असता कामा नये. मी निवृत्तीनंतर तिथे सल्लागार होणार. माशी मेली म्हटलं, की रीत मोडत नाही. मेलेली माशी कुणी मागत नाही.”

“आणि ती पोर?”

“तिला दुसरा विषय दिला असता. आणखी काही वर्षं लागली असती. कुणाला लागत नाहीत?”

बाईंना एकदम फार थकल्यासारखं वाटलं. या माणसाला खुर्चीवर बसवताना त्यांनी निवड समितीला सांगितलं होतं, याच्या हातात पोरं सुरक्षित राहतील.

“मी समितीला सांगणार आहे.”

“सांगा. श्रुती बोलणार नाही. काळी पोटं आणि डीएनए यांनी एवढंच ठरेल, की योगिनीने चांगल्या माश्या मारल्या. मूर्ख ठरेल ती. गप्प बसणं कुठल्या नियमात गुन्हा आहे?” मग त्यांनी आवाज मऊ केला, पूर्वीच्या मिलिंदचा. “ऐका, बाई. थंड कपाटाच्या मागे एखादी नळी राहून गेलेली असू शकते. ती सापडेल. योगिनी तिचा राहिलेला प्रयोग करील. निबंध होईल, प्रबंधावर मी सही करीन, निदान केंद्राला पत्रही लिहीन. प्रयोग झाला की नळी माझ्याकडे. मग लाइन मेली असं निबंधात लिहायचं. तुम्ही समितीसमोर एकच शब्द बोलायचा, अपघात. तुम्ही दिलेला शब्द फिरवत नाही, एवढं मला पुरे.”

“लाज नाही वाटत तुला, मला असं विचारायला?”

“वाटते,” ते म्हणाले. “पण तुम्ही तिला विचारल्याशिवाय नाही म्हणणार नाही, हेही मला माहीत आहे.”

६

आणि बाईंनी विचारलं. काही लपवलं नाही. आपल्या स्वयंपाकघरातल्या चौरंगावर योगिनीला बसवून, पोट काळवंडण्यापासून कंपनीपर्यंत सगळं सांगितलं. योगिनी रडली नाही. मध्येच एकदा तिने आपले दोन्ही तळवे उलटे करून बघितले.

“मला का नाही आठवलं, बाई? पुस्तकात एक ओळ आहे त्याची. मी वाचलेली होती.”

“तू मान वर करून ज्याच्याकडे बघितलंस त्याला आठवत होतं. त्याने सांगायला हवं होतं.”

“मी त्यांना स्पिरिट ओतताना विचारलं होतं, सर, नक्की ना? म्हणाले, मन घट्ट कर.”

गॅसवर दूध वर आलं. बाईंनी उठून ते उतरवलं. पाठ वळवूनच त्या म्हणाल्या, “तू म्हणशील ते मी करीन. समितीपुढे उभी राहते. माझं काय जायचंय आता? तुला मूर्ख म्हणतील, मला म्हातारचळ लागला म्हणतील. पण खरं ते खरं.”

“आणि मग?”

“मग… दुसरा मार्गदर्शक. नवा विषय.”

“आणखी वर्षं.” योगिनी शांतपणे म्हणाली. “आई घर चालवायला शेजारच्या पोरांच्या शिकवण्या घेते, गुडघा दुमडून. निदान केंद्र किती थांबेल? नाही, बाई. मला त्या माश्या हव्यात. प्रयोगापुरत्या मिळाल्या तरी. मला सही हवी. मला त्या दारातून बाहेर पडायचंय.”

“स्नायू झिजणाऱ्या पोरांच्या आया उद्या तुझ्यासमोर येऊन बसतील, योगिनी. त्यांना काय सांगशील? असली एक माशी होती म्हणून?”

योगिनीने वर बघितलं. तिच्या डोळ्यांत कीव नव्हती, ना स्वतःची, ना बाईंची.

“त्यांच्यासमोर बसायलासुद्धा आधी पदवी लागते, बाई. तुम्ही होतात, म्हणून निदान मला खरं कळलं. आता ते तुमच्याजवळ राहू द्या. समितीला सांगा, अपघात होता. कुणाचा दोष नाही.”

“मी खोटं बोलू?”

“माझ्यासाठी. वचन द्या.”

बाईंनी आयुष्यात व्रतं पुष्कळ केली होती. एकादश्या केल्या, सोळा सोमवार केले, नवऱ्याच्या आजारपणात पायांत चप्पल न घालता वर्ष काढलं. ते सगळं देवाला काहीतरी देणं होतं. हे देणं कुठल्या खात्यातलं, त्यांना कळेना. पण समोर पसरलेला हात पोरीचा होता, आणि त्या हाताला अजून स्पिरिटचा वास येत असल्यासारखं त्यांना वाटलं. त्यांनी त्यावर आपला हात ठेवला.

थंड कपाटाच्या मागे एक नळी ‘सापडल्याचा’ फोन दुसऱ्या दिवशी आला. बाईंनी स्वतः जाऊन भिंगातून बघितलं. पंख वळलेले होते, चंद्रकोरीसारखे; ही पिढी कुणीतरी उबेत वाढवली होती. योगिनी नळी दोन्ही हातांत धरून उभी होती. गौतम बाजूला उभा होता. त्याने बाईंकडे बघितलं, तोंड उघडलं आणि परत मिटलं. तोही शहाणा होत चालला होता.

समितीच्या दिवशी बाईंनी नेहमीसारखी पूजा केली. फुलं वाहिली, नैवेद्य दाखवला. रोजचं स्तोत्र म्हणताना ओठ हलत होते, पण आपण कुठल्या ओळीवर आहोत हे त्यांना कळत नव्हतं. मग त्यांनी इस्त्रीची साडी नेसली, दाराला कुलूप घातलं आणि ते दोनदा ओढून बघितलं.

“एक्कडिकि, अम्मा? कुठे निघालात सकाळी सकाळी?” समोरच्या लक्ष्मम्मा सडा टाकत विचारत्या झाल्या.

“जवळच. येते लगेच.”

कोपऱ्यावर रिक्षा उभी होती. रिक्षावाल्याने मीटरवरचा फडका काढला. “किधर चलना, अम्मा?”

बाईंनी संस्थेचं नाव सांगितलं. पदर सारखा केला. मग आत बसल्या, आणि रिक्षा सुरू व्हायच्या आधी तो एक शब्द त्यांनी हळूच तोंडात घोळवून बघितला, अडखळत नाही ना, एवढं पाहण्यापुरता.